नाताळ सूर्याचा की ख्रिस्ताचा?



आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यात पाबळकडच्या एका घरी भेट द्यायला गेलो होतो. त्या घरातील आजी दरवर्षी ओट्याच्या कोपऱ्यात गव्हाण मांडतात. खाली कडब्याची चार पाने, वर गोणपाटाचे छप्पर आणि सासूने दिलेली मातीची मेंढरे. यंदा तो कोपरा रिकामा होता. मेंढरे कागदात गुंडाळून फडताळात ठेवलेली होती. विचारले, तर आजी म्हणाल्या, "नातवालाच विचारा, फादर."

नातू रांजणगावच्या कारखान्यात कामाला आहे. मुलगा चांगला, प्रार्थना करणारा. त्याच्या मोबाईलवर कोणीतरी एक लांबलचक संदेश पाठवला होता. त्यात लिहिले होते, की २५ डिसेंबर हा रोमी लोकांच्या सूर्यदेवाचा वाढदिवस आहे, बायबलमध्ये ही तारीख नाही, चांदणी, झाड, दिवे सगळे मूर्तिपूजकांचे आहे, म्हणून खऱ्या ख्रिस्ती माणसाने नाताळ पाळू नये. मुलाला हे मनापासून लागले. त्याने आजीला गव्हाण मांडू दिली नाही. त्यावरून थोरल्या भावाशी वाद झाला. दोघे एका ताटात जेवलेले भाऊ, पण आता एकमेकांशी बोलत नाहीत.

तो मला म्हणाला, "फादर, हे खोटं असेल तर तसं सांगा. आणि खरं असेल, तर तुम्ही आम्हाला आधी का सांगितलं नाही?"

प्रश्न प्रामाणिक होता. त्याला रागावून गप्प बसवणे मला योग्य वाटले नाही. हाच संदेश तुमच्यापैकी अनेकांच्या मोबाईलवर आलेला असणार. म्हणून या रविवारी आपण हा विषय नीट अभ्यासू या.

१. आधी नोंद, मग निष्कर्ष

पाबळ म्हटले की बाहेरचे लोक मस्तानीची समाधी कुठे आहे, असे विचारतात. पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावे तिला इनाम मिळाली होती. १७४० साली, बाजीराव पेशवे वारल्यानंतर थोड्याच काळात तीही गेली. ती कशी गेली? कोणी म्हणतो विष घेतले, कोणी म्हणतो सती गेली, कोणी म्हणतो दुःखाने प्राण सोडला. सांगणारा प्रत्येक जण अगदी डोळ्यांनी पाहिल्यासारखे सांगतो. या गावच्या लोकांना वेगळे सांगायला नको, की गोष्ट तोंडोतोंडी फिरते तशी वाढत जाते. सत्य हवे असेल तर मागे मागे जात पहिल्या नोंदीपर्यंत पोहोचावे लागते. नाताळच्या बाबतीतही आपण तेच करू.

पहिली गोष्ट: शुभवर्तमानात प्रभू येशूच्या जन्माची तारीख नाही. संत लूक सम्राट औगुस्ताची नावनिशी सांगतात, बेथलेहेम गाव सांगतात, गव्हाण सांगतात, पण महिना सांगत नाहीत. मेंढपाळ रात्री रानात होते, म्हणजे हिवाळा असूच शकत नाही, असे काही जण म्हणतात. दिवाळीनंतर आपल्या भागात धनगरांचे वाडे शेतात उतरतात आणि कडाक्याच्या थंडीत माणसे मेंढरांजवळ रात्र काढतात, हे आपण दरवर्षी पाहतो. तेव्हा त्या एका वाक्यावरून हिवाळा सिद्धही होत नाही आणि खोटाही ठरत नाही. शुभवर्तमानकाराला तारीख सांगायचीच नव्हती. त्यांना कोण आला, हे सांगायचे होते.

पहिल्या ख्रिस्ती लोकांचा मोठा सण पास्खा होता. वाढदिवस साजरे करण्याची त्यांना फारशी ओढ नव्हती. तिसऱ्या शतकातील ओरिजेन हे विद्वान तर म्हणत, की पवित्र शास्त्रात वाढदिवस साजरा करणारे दोघेच दिसतात, फारो आणि हेरोद. इ. स. २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाचे क्लेमेंट लिहितात, की प्रभूच्या जन्माचा दिवस काही जण काढतात खरा, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. त्यांनी नोंदवलेल्या तारखांपैकी एक आपल्या मोजणीने २० मे येते.

२. रोममधील २५ डिसेंबर

आता त्या संदेशात खरे किती, ते पाहू.

रोममध्ये सूर्याची पूजा होती, हे खरे आहे. इ. स. २७४ मध्ये सम्राट ऑरेलियन याने 'अजिंक्य सूर्य' या नावाने मोठे मंदिर बांधले. त्याआधी १७ डिसेंबरपासून शनिदेवाचा सातुर्नालिया नावाचा उत्सव होई. त्यात मेजवान्या होत, भेटी दिल्या जात, मालक गुलामांना मोकळीक देत. ज्युलियस सीझरच्या पंचांगात सर्वांत लहान दिवस २५ डिसेंबर मानला जाई. पुण्यात सर्वांत लहान दिवसही जवळजवळ अकरा तासांचा असतो. रोममध्ये तो सुमारे नऊच तासांचा असतो. अंधार असा वाढत गेलेला पाहिला, की दिवस पुन्हा मोठा होऊ लागल्यावर माणसाला किती हायसे वाटत असेल, याची कल्पना करा. आपल्याकडे संक्रांतीला दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतात, तोच हा आनंद.

आता पहिली नोंद. इ. स. ३५४ मध्ये रोममध्ये एका श्रीमंत ख्रिस्ती माणसासाठी सुंदर पंचांग तयार झाले. त्यातील हुतात्म्यांच्या यादीत २५ डिसेंबरला ख्रिस्त यहूदियातील बेथलेहेमात जन्मला, अशी नोंद आहे. अभ्यासक ही यादी इ. स. ३३६ पर्यंत मागे नेतात. त्याच ग्रंथातील नागरी पंचांगात २५ डिसेंबरलाच 'अजिंक्याचा जन्मदिवस' म्हणून रथांच्या तीस शर्यती लिहिलेल्या आहेत. म्हणजे दोन्ही सणांची जुनी स्पष्ट नोंद एकाच पुस्तकात, शेजारी शेजारी सापडते. ऑरेलियनच्या मंदिराचे उद्घाटन २५ डिसेंबरला झाले असे पुष्कळदा सांगतात, पण त्या काळची तशी नोंद नाही.

मग सूर्याचा सण ख्रिस्तसभेने घेतला, हे सांगितले कोणी? हे मत बाराव्या शतकात दियोनिसियस बार सलीबी या सिरियन बिशपांच्या ग्रंथाच्या समासात कोणा लेखनिकाने लिहिलेल्या टिपणात सापडते. पुढे अठराव्या शतकात जर्मन विद्वान याब्लोन्स्की यांनी ते जोराने मांडले आणि मग ते सर्वत्र पसरले. मत चुकीचेच आहे असे नाही. आजही अनेक चांगले इतिहासकार ते मानतात. पण घटना आणि टिपण यांच्यात आठशे वर्षांचे अंतर आहे, हे संदेश पाठवणारा सांगत नाही.

त्या संदेशातील बाकीच्या गोष्टी मात्र टिकत नाहीत. मिथ्र देव २५ डिसेंबरला जन्मला, याला प्राचीन पुरावा नाही. इ. स. ३२५ च्या निकेया धर्मपरिषदेने नाताळ ठरवला, हेही खरे नाही. तिथे चर्चा झाली ती पास्खाच्या तारखेची. आणि श्रीकृष्णाचा जन्मही २५ डिसेंबरचा, असे जे लिहिलेले असते, ते वाचून आपल्या शेजाऱ्यांनाही हसू येईल. गोकुळाष्टमी श्रावणात असते, हे गावातल्या लहान पोरालाही माहीत आहे.

३. दुसरी वाट: २५ मार्च

दुसरेही एक उत्तर आहे. इ. स. २०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील तेर्तुलियन यांनी प्रभूच्या मरणाचा दिवस २५ मार्च धरला होता. आणि ज्या दिवशी प्रभू मरण पावला, त्याच दिवशी तो मातेच्या उदरी आला होता, अशी त्या काळी समजूत होती. संत ऑगस्टिन यांनी आपल्या 'त्रैक्य' या ग्रंथात हे स्पष्ट लिहिले आहे. २५ मार्चपासून नऊ महिने मोजा. २५ डिसेंबर येतो.

पूर्वेकडील काही ख्रिस्ती लोक मरणाचा दिवस ६ एप्रिल धरत. तिथून नऊ महिने मोजले तर ६ जानेवारी येतो. आर्मेनियन ख्रिस्तसभा आजही ६ जानेवारीलाच प्रभूचा जन्म साजरा करते. सूर्याच्या सणावरून ही दुसरी तारीख समजत नाही, हिशेबावरून समजते. १८८९ साली फ्रेंच धर्मगुरू लुई दुशेन यांनी हा विचार नव्याने पुढे आणला.

दोन्ही मते अभ्यासकांत आहेत. कदाचित दोन्हींत तथ्य असेल. हिशेबाने तारीख निघाली आणि त्याच दिवशी शहरात सूर्याचा उत्सव चालू असल्यामुळे तिला अधिक जोर आला, असेही शक्य आहे. आपली श्रद्धा यांपैकी एका मतावर टांगलेली नाही.

४. कुठून आले आणि काय झाले

समजा, पहिले मत पूर्ण खरे निघाले. २५ डिसेंबर सूर्याचाच होता आणि ख्रिस्तसभेने तो घेतला. मग काय?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला एक भेद शिकवला होता. वस्तू कशापासून झाली हा एक प्रश्न, आणि ती आता काय आहे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला देता येत नाही. शेणखत कुठून येते हे आपल्याला माहीत आहे, म्हणून कोणी भाकरी नाकारत नाही.

मी त्या मुलाला विचारले, "तुझ्या गळ्यात काय आहे?" त्याने क्रूस दाखवला. क्रूस कोणाचा? इस्राएलचा नव्हे. तो रोमी सत्तेचा फास होता, गुलामांना आणि बंडखोरांना हालहाल करून मारण्याचे साधन. मूर्तिपूजक रोमकडून आलेली याहून भयंकर वस्तू कोणती? ती आपण गळ्यात घालतो, कपाळावर तिची खूण करतो. कारण प्रभू तिच्यावर चढला आणि तिचा अर्थ बदलला. ज्याने फासाचा अर्थ बदलला, त्याला पंचांगातील एका दिवसाचा अर्थ बदलता येणार नाही काय?

पास्खाचेही असेच. मेंढपाळांचा कोकरू अर्पण्याचा सण आणि शेतकऱ्यांचा बेखमीर भाकरीचा सण मुळात वेगळे होते, असे अनेक बायबल अभ्यासक मानतात. इस्राएलने त्यांत मिसर देशातून झालेली सुटका भरली, आणि प्रभूने शेवटच्या भोजनात स्वतःचे शरीर व रक्त दिले. पन्नासाव्या दिवसाचा सण मुळात गव्हाच्या कापणीचा होता. देव माणसाला भेटतो तेव्हा माणसाच्या हातात जे आहे तेच घेतो.

आपण मिस्सेला येतो तो रविवार. जुन्या लोकांच्या तोंडी ऐतवार, म्हणजे आदित्यवार. नाव सूर्याचे आहे. शेजारच्या घरी हाच वार खंडोबाचा आहे. म्हणून आपण रविवारची मिस्सा सोडली काय?

'नाताळ' हा शब्दही पाहा. पोर्तुगीजांबरोबर तो आपल्याकडे आला आणि त्याचे मूळ लॅटिन 'नातालिस', म्हणजे जन्मदिवस. सूर्याच्या जन्मदिवसाला रोमी लोक हाच शब्द वापरत. पण ख्रिस्ती लोकांनी तो हुतात्म्यांच्या मरणदिवसाला लावला, कारण त्या दिवशी हुतात्मा स्वर्गात जन्मतो. शब्द जुनाच राहिला, आत नवा द्राक्षारस भरला.

आणि 'पेगन' हा शब्द? लॅटिनमध्ये 'पागानुस' म्हणजे मुळात खेड्यातला माणूस. त्या अर्थाने पाबळ, केंदूर, कान्हूरचे आपण सगळेच पेगन. तेव्हा हा शब्द शेजाऱ्यांवर फेकण्याआधी जरा थांबावे.

५. मग काहीही चालेल काय?

नाही. इथे त्या मुलाची काळजी रास्त आहे, आणि ख्रिस्तसभेलाही ती पहिल्यापासून आहे. पाचव्या शतकात पोप संत लिओ यांना दिसले, की काही ख्रिस्ती लोक संत पेत्राच्या महामंदिराच्या पायऱ्या चढतात आणि आत जाण्याआधी मागे वळून उगवत्या सूर्याला नमस्कार करतात. नाताळच्या प्रवचनात त्यांनी या लोकांना खडसावले. संत ऑगस्टिनही लोकांना शिकवत, की हा दिवस आपण दिसणाऱ्या सूर्यासाठी पाळत नाही, तो सूर्य ज्याने निर्माण केला त्याच्यासाठी पाळतो.

म्हणजे कसोटी अशी: नमस्कार कोणाला? उत्पत्तीच्या ग्रंथात सूर्य चौथ्या दिवशी निर्माण होतो. तो देव नाही, देवाने लावलेला दिवा आहे. पण दिवा मालकाकडे बोट दाखवू शकतो. मलाखी संदेष्टा येणाऱ्या तारणाला नीतिमत्त्वाचा सूर्य म्हणतो. योहानाचे वडील जखऱ्या वरून येणाऱ्या पहाटेचे गीत गातात. प्रभू स्वतःला जगाचा प्रकाश म्हणवतो. रोममध्ये संत पेत्राच्या महामंदिराखालील जुन्या दफनभूमीत, एका छतावर, सूर्यदेवासारखा रथात उभा असलेला ख्रिस्त चितारलेला आहे. २१ डिसेंबरच्या सायंप्रार्थनेत आपण ख्रिस्ताला 'उदय' म्हणून हाक मारतो, तीही वर्षातील सर्वांत लांब रात्रींच्या वेळी. संत योहान बाप्तिस्ता यांचा जन्मोत्सव २४ जूनला येतो, तेव्हापासून दिवस लहान होऊ लागतात. गोव्यात त्या दिवशी सांजांवला तरुण विहिरीत उड्या मारतात. ख्रिस्ताने वाढावे आणि मी कमी व्हावे, हे योहानाचे म्हणणे आकाशातही लिहिलेले आहे, असे संत ऑगस्टिन यांना वाटे.

इ. स. ६०१ मध्ये पोप संत ग्रेगरी यांनी इंग्लंडला निघालेल्या मेलितुस यांना कळवले, की तिथली देवळे पाडू नका, मूर्ती काढा, पवित्र पाणी शिंपडा आणि तिथेच खऱ्या देवाची उपासना होऊ द्या. आपल्या मराठीतही हे घडले. इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्यांनी आपल्या संतांची ओवी घेतली, 'पुराण' हे नाव घेतले, स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द घेतला आणि सांगितले ते ख्रिस्ताचेच. त्यांनी ओवी टाकून दिली असती, तर गरीब माणसाच्या कानापर्यंत ती कथा पोहोचली असती काय?

दुसरी वाटही इतिहासात होऊन गेली. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७ मध्ये नाताळवर बंदी घातली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्याला दंड होता. याच भागातील मंडळ्यांनी पुढे आपल्याकडे मिशनरी पाठवले. ते १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला आले, आणि आपल्या शिरूरलाही त्यांचे केंद्र होते. आज आपले प्रॉटेस्टंट बांधव आनंदाने नाताळ साजरा करतात. तो संदेश नवा नाही. पूर्वी एकदा तो वापरून पाहिला गेला आणि मागे पडला.

६. आपल्या घरात

आपल्या घरी नाताळला करंज्या, शंकरपाळ्या होतात. दिवाळीत शेजारी जो आकाशकंदील लावतो, त्याचाच भाऊ शोभेल अशी चांदणी आपण लावतो. यात लाजण्यासारखे काही नाही. ती चांदणी ज्ञानी लोकांना बेथलेहेमला नेणाऱ्या ताऱ्याची आठवण देते. ते ज्ञानीही परके, आकाश वाचणारे लोक होते. देवाने त्यांना त्यांच्याच भाषेत, ताऱ्याने बोलावले. गव्हाण मांडण्याची प्रथा संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये ग्रेचियो गावी लोकप्रिय केली, ती लोकांना गरीब बाळ डोळ्यांनी दिसावे म्हणून. पोप फ्रान्सिस २०१९ मध्ये त्याच गावी गेले आणि घराघरांत गव्हाण मांडा, असे पत्र त्यांनी तिथे प्रसिद्ध केले.

धोका वेगळ्याच गोष्टींत आहे. कर्ज काढून केलेला थाट, दारू, मिस्सेच्या वेळी बाहेर वाजणारा आवाज, आणि ज्याचा वाढदिवस त्यालाच विसरणे. हा आजचा सातुर्नालिया आहे. तो कोणी रोममधून पाठवलेला नाही, तो आपणच घरात आणला आहे.

७. परत त्या ओट्यावर

हे सगळे मी त्या मुलाला एका बैठकीत सांगू शकलो नाही. चहा गार झाला, तरी आम्ही बोलत होतो. शेवटी तो म्हणाला, "विचार करतो." मला ते पुरेसे वाटले. विचार करणाऱ्या माणसाची मला भीती वाटत नाही.

निघताना थोरला भाऊ वाटेत भेटला. तो खुशीत म्हणाला, "बरं झालं फादर, त्याला चांगलं सुनावलंत." मी म्हटले, "सुनावलं नाही. आणि आता तुझी पाळी. जो म्हणतो मी प्रकाशात आहे आणि भावाचा द्वेष करतो, तो अजून अंधारातच आहे, हे संत योहान कोणाला लिहितात?" तो काही बोलला नाही.

बंधू-भगिनींनो, तारीख बरोबर, गव्हाण सुंदर, चांदणी उंच, पण दोन भाऊ एकाच छपराखाली अबोल, तर त्या घरात अजून नाताळ झालेला नाही. आणि उलट, अबोला मोडायला एक जण उठला, तर मार्च असो की डिसेंबर, त्या रात्री शब्द देही झाला आणि आपल्यामध्ये राहिला, याची साक्ष त्या घरात मिळेल. आगमनकाळाचे काही दिवस अजून हातात आहेत.

घरी चर्चेसाठी

१. ख्रिस्तजन्माची तारीख शुभवर्तमानात नाही. मग शुभवर्तमानकार कोणत्या गोष्टींवर भर देतात? लूक, अध्याय २ एकत्र वाचा.

२. आपल्या घरातील नाताळच्या कोणत्या प्रथा ख्रिस्ताकडे नेतात? कोणत्या त्याला झाकतात?

३. मोबाईलवर आलेला संदेश पुढे पाठवण्याआधी आपण काय तपासावे?

४. नाताळच्या रात्रीच्या मिस्सेआधी मी कोणाशी बोलायला हवे?